कमतरीनाची इंग्रजी

नरहरची कापसाच्या जिनिंगमधली कारकुनाची नोकरी गेली. पण ते राहू द्या, घरच्यांपुरतं तसं काही झालंच नव्हतं. मंगळवारी सकाळी त्यानं रोजच्यासारखी काळी टोपी चढवली, डबा घेतला आणि कामावर निघाला. फक्त जिनिंग डावीकडे होती आणि तो नदीकडे, उजवीकडे वळला.

"आज तिकडून?" त्याच्या बायकोनं, द्वारकाबाईनं दारातून विचारलं.

"तिकडून सावलीय."

सावली जालन्यात त्या महिन्यात कुठल्याच बाजूला नव्हती.

झालं होतं ते असं. जिनिंगला नवा गोरा साहेब आला होता. दोन कारकुनांपैकी इंग्रजी येणारा एकच ठेवायचा होता. नरहर स्टेशनातल्या पेट्यांवरची अक्षरं लावून लावून वर्षानुवर्षं इंग्रजी शिकला होता. घरच्या वासराशीही तो इंग्रजीत बोले. वासरू ऐकत नसे, पण ते मराठीतही ऐकत नसे.

"आपली इंग्रजी कशी आहे, ते आपणच सांगा," साहेब इंग्रजीत म्हणाला.

दुसऱ्या कारकुनाला, भुजंगला, सवाल कळलाच नाही. येत होते तेवढे दोन शब्द त्यानं छाती काढून सांगितले, "फर्स्ट क्लास!"

नरहरला मात्र उर्दू शाळेत मौलवीसाहेबांनी छडी मारून शिकवलं होतं, की हाकिमापुढं स्वतःला कमतरीन, म्हणजे सगळ्यांत क्षुद्र म्हणायचं; खरं काय ते हाकीम समजून घेतो. नरहर कमरेत वाकला आणि लांबलचक, निर्दोष इंग्रजीत त्यानं सांगितलं, की या कमतरीनाला इंग्रजीतलं ओ की ठो कळत नाही.

साहेबानं शेवटपर्यंत लक्ष देऊन ऐकलं. "प्रामाणिक माणूस आहे," म्हणाला, आणि भुजंगला ठेवून घेतलं.

शुक्रवारी संध्याकाळी भुजंग नरहरच्या घरी आला. बाप वारल्यामुळं त्याचं डोकं भादरलेलं होतं.

"नरहरपंत, वाचवा! साहेब काय बोलून राह्यला, कळतच न्हाई. काल माझ्या डोक्याकडं बोट करून कायतरी इचारलं. मी म्हन्लं, फर्स्ट क्लास. तवापासून माझ्याकडं बघंना."

"म्हंजे हे जिनिंगमधी येऊन न्हाई राह्यले?" द्वारकाबाईच्या हातातलं सूप थांबलं.

भुजंगला तेवढी मराठी कळली. तो चप्पल शोधू लागला.

तो गेल्यावर ती म्हणाली, "येतंय तर येतंय म्हणायचं व्हतं!"

"आपल्याच तोंडानं?"

"मंग काय वासराच्या? डब्यात चार दिवस माझ्या वाटणीची भाकर बांधून दिली मी. उद्याला पीठ न्हाई. अदब रांधू?"

नरहर साहेबाला अर्ज लिहायला बसला. 'मला इंग्रजी उत्तम येते' एवढंच लिहायचं होतं. 'मला'पर्यंत हात बरा चालला. पुढं चालेना. दौत सुकत आली. शेवटी त्यानं दुसरा कागद घेतला आणि एका दमात लिहून काढलं:

"सबब हुजुरांस अर्ज, की अर्जदारास स्वतःची तारीफ एक वेळ करण्याची लेखी इजाजत मिळावी. इजाजत मिळताच सदर तारीफ वेगळ्या अर्जानं, इंग्रजीत, पेश करण्यात येईल.

कमतरीन, नरहर."