लोकरीतून हवा

कठड्याच्या गजाला मारलेली शेवटची गाठ दोरसाफ नखाने उकलत होती, तेवढ्यात बाळंतिणीसाठी केलेल्या गोड झ्रीरच्या पेल्यांचे तबक घेऊन सासूबाई, लल्ला मन्नूबिया, दारात उभ्या राहिल्या. निळ्या सॅटिनची, आत फोम भरलेली गादीपट्टी अर्धी खाटेत होती, अर्धी दोरसाफच्या हातात. लल्लांनी ती स्वतःच्या मशीनवर शिवली होती, नातवाच्या डोक्याला खाटेचे गज लागू नयेत म्हणून. नातू इलियास शेजारच्या पलंगावर उताणा झोपला होता.

"धुवायला काढतेस?" लल्लांनी विचारले.

'हो' म्हणणे सोपे होते. पण दोरसाफ क्सर हेलाल गावातल्या एका कापडगिरणीच्या प्रयोगशाळेत काम करी. कापडातून हवा किती पार होते हे मोजणे हा तिचा पेशा होता, आणि माहीत असलेली गोष्ट चुकीची सांगणे तिला न धुतलेल्या भांड्यात स्वयंपाक करण्यासारखे वाटे.

"नाही लल्ला. कायमची काढतेय."

"का गं? टाके टोचतात?"

"टाके छानच आहेत. पण बाळाचं तोंड अशा मऊ गादीत रुतलं, तर त्याला मान सोडवून घेता येत नाही. सोडलेलाच श्वास ते पुन्हा आत घेत राहतं. रडत नाही, हातपाय झाडत नाही. झोपेतच जातं."

एखादे थान नापास का झाले, हे गिऱ्हाइकाला सांगताना तिचा जो सूर असे, तोच आताही होता. लल्लांनी तबक मेजावर टेकवले. एक पेला कलंडला. तीळ, लोणी आणि मधाचा घट्ट ओघळ सावकाश तबकभर पसरू लागला. एरवी सांडलेल्या थेंबामागे फडके घेऊन धावणाऱ्या लल्ला त्याच्याकडे नुसत्या पाहत राहिल्या.

"रडत नाही?"

"नाही."

"आणि आई शेजारीच निजलेली असेल तर? तिला कळेल ना?"

तेव्हा कुठे दोरसाफला मुनीर आठवला. लल्लांचा, तिच्या नवऱ्याच्या, लसादच्या, आधी झालेला मुलगा. मुले किती, असे कुणी विचारले की लसाद आणि त्याच्या बहिणी तीन सांगत आणि लल्ला चार. याहून अधिक त्याच्याविषयी घरात बोलले जात नसे. तान्हा होता, रात्री निजला, सकाळी उठला नाही, नशिबात लिहिलेले होते.

"भिंत फार गार होती," लल्ला म्हणाल्या. "त्या बाजूनं मी गादी लावली होती. मीच शिवलेली."

त्या क्षणी बोलता येण्यासारखे एक खरे वाक्य अस्तित्वात होते. ते दोरसाफला फार उशिरा सुचले. तेव्हा सुचले ते हे:

"हा फोम आहे लल्ला. फोममधून हवा जात नाही. तुमच्या वेळी गादीत लोकर असायची. लोकरीतून हवा जाते."

"जाते?"

"जाते की. रोज मोजते मी."

तिच्या गिरणीत डेनिम विणले जाई. लोकरीची एक बटही तिच्या यंत्राखाली कधी आली नव्हती.

लल्लांनी मान हलवली, फडके आणले, तबक पुसले, आणि निळी गादीपट्टी गुंडाळून काखेत मारून त्या आपल्या घरी गेल्या. प्रकरण स्वस्तात मिटले, असे दोरसाफने मनाला सांगितले.

पुढच्या आठवड्यात लसाद हसतच घरात शिरला.

"आई सायादाच्या किनाऱ्यावर बसलीय, लोकर धूत. सोबत म्हाताऱ्यांची फौज. बडवतायत, गातायत. मी दुसरं लग्न करतोय आणि नवरीच्या गाद्या भरायच्यात, असं वाटलं कुणाला तर मला दोष देऊ नकोस."

"कशासाठी धुतायत?"

"तुझ्या शास्त्रासाठी. आमची सून मोजून सांगते, लोकरीतून हवा जाते, हे किनाऱ्यावरच्या गलबतांनासुद्धा कळलंय आता."

दोरसाफ बाळाच्या लंगोटांच्या घड्या करत होती. घडी झालेला लंगोट तिने उलगडला आणि त्याची पुन्हा घडी घातली.

नवी गादीपट्टी पांढऱ्या सुती कापडाची होती. तिला उन्हाचा आणि खाऱ्या पाण्याचा वास येत होता. ती पोचवायला लल्लांबरोबर शेजारच्या सलूहाखालाही आल्या.

"माझी सून म्हणते, आजीच्या हाताला जंतू असतात," सलूहाखाला खुर्चीत बसता बसता म्हणाल्या. "तुझी निदान मेंढीला तरी मान देते. नशीब काढलंस, मन्नूबिया."

लल्ला हसल्या नाहीत. त्यांनी गाठी मारल्या, आणि मग तळहाताने आतली लोकर दाबून पाहिली. एकदा दाबून त्यांचे भागले नाही. सलूहाखालांचा चहा संपेपर्यंत त्या ती दाबतच होत्या.

त्या दिवसापासून दोरसाफचा एक नेम ठरला. बाळ झोपण्याआधी गादीपट्टी सोडून खुर्चीमागे ठेवायची, लल्ला येण्याआधी बांधायची. गाठी सोडताना दर वेळी तिला वाटे, आपण एका जुन्या मृत्यूचा निकाल पुन्हा देत आहोत, आणि ज्या बाईविरुद्ध तो जातो तिला कळू नये म्हणून खुर्चीच्या पाठीमागे दडवत आहोत. बाळंतपणाची रजा संपली तेव्हा तिने कापडाचा एक चौकोन त्या लोकरीने भरून यंत्राखाली धरला. आकडा उत्तम आला. यंत्र मात्र पंख्याने हवा ओढते, आणि तान्ह्या मुलाजवळ पंखा नसतो. तो आकडा कुणाचीही खात्री पटवू शकला असता, म्हणून तिने तो कुणालाही सांगितला नाही. एकदाच, घरी परतताना, सांगावा असे वाटले. त्या वाटण्याची तिला रात्रभर लाज वाटली.

एका सुटीच्या दिवशी लल्ला ठरल्या वेळेआधीच आल्या. दोरसाफ गच्चीवर कपडे वाळत घालत होती. ती खाली उतरली तेव्हा इलियास उघड्या गजांच्या खाटेत झोपलेला होता, आणि लल्ला शेजारच्या खुर्चीत, मांडीवर पांढरी गादीपट्टी घेऊन बसल्या होत्या.

"मी यायच्या आधी बांधतेस, होय?"

"हो."

"म्हणजे लोकरीतूनही जात नाही."

"जाते. पण नुसती जाते म्हणून भागत नाही." दोरसाफने ओले हात झग्याला पुसले. "तेव्हाही मला ठाऊक होतं. तुम्हाला बरं वाटावं म्हणून बोलले मी."

"बरं," लल्ला म्हणाल्या. त्यांनी त्या शब्दाची जणू चव घेतली. "मुनीरच्या वेळी लोकर कुठली, पोरी? तुझा सासरा कामाला लिबियात, मी शिलाईखात्यात. तिथल्या चिंध्या भरल्या होत्या मी त्या गादीत. तू म्हणालीस लोकरीतून हवा जाते, आणि त्या दिवसापासून माझ्या डोक्यात दुसरं काही नाही. बहिणीकडे पोतंभर लोकर पडून होती. मागायची मला लाज वाटली होती."

दोरसाफने धीर म्हणून दिलेले हे कडू औषध या बाईने इतके दिवस निमूटपणे घेतले होते.

"लोकर असती तरी तेच झालं असतं," दोरसाफ म्हणाली. "चिंध्या, लोकर, फोम, सगळं सारखंच."

"सारखंच?"

"आणि तो गादीनंच गेला, असंही म्हणता येत नाही लल्ला. गादी नसलेल्या खाटेतही मुलं जातात. एका मुलाचं, इतक्या वर्षांनी, कुणालाच सांगता येत नाही. मलाही नाही. यंत्रालाही नाही."

हेच ते वाक्य. पहिल्याच दिवशी बोलता आले असते. त्यात काही वाढवावे लागले नसते, काही लपवावे लागले नसते.

इलियासने झोपेत तोंड हलवले. लल्ला त्याच्याकडे पाहत होत्या.

"हे खरं सांगतेस," त्यांनी विचारले, "की मला बरं वाटावं म्हणून?"

"खरं."

लल्लांनी मान वर केली. शिलाईखात्यातल्या बायका विणीतला दोष शोधताना थान उजेडाकडे धरून पाहतात, तशा त्या सुनेच्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या.