दीक्षाभूमीची तिकिटं

माइक हातात आला की माझ्या नवऱ्याला, म्हणजे प्रफुल्लला, स्त्री-शिक्षणाचं भरतं येतं. इथे अमेरिकेत, अर्विंगमधल्या आमच्या मंडळाचा कुठलाही कार्यक्रम असो, हा उठणार, घसा खाकरणार आणि आपल्या समाजातल्या प्रत्येक बाईनं शिकून स्वतःच्या पायावर उभं राहिलं पाहिजे, असं तावातावानं सांगणार. बाया टाळ्या वाजवतात. "नशीब काढलंस गं हर्षिता!" म्हणतात. कसलं नशीब बाप्पा! घरी येऊन बघा एकदा.

घरी या थोर पुरुषाचं भाषण वेगळंच असतं. नागपुरात मी पॅथॉलॉजी लॅब सांभाळायची, हाताखाली माणसं होती. इथे आले ती एच-फोर व्हिसावर. म्हणजे नवऱ्याच्या व्हिसाला लटकलेली डिपेंडंट. शिकायला परवानगी, कमवायला नाही. याच्या कंपनीनं याच्या ग्रीन कार्डचं काम पुढे नेलं असतं तर मलाही कामाचं परमिट मिळालं असतं. पण त्यासाठी बॉससमोर तोंड उघडावं लागतं, आणि याचं तोंड उघडतं ते फक्त मंडळात. मग एकच वाट उरली. मास्टर्सला प्रवेश घ्यायचा, इथेच राहून डिपेंडंटची स्टुडंट व्हायचं, आणि डिग्री झाली की स्टुडंटना मिळतं ते परमिट काढून नोकरी धरायची.

प्रवेश मिळाला. क्लासेस जानेवारीत सुरू होणार होते. व्हिसा बदलण्याचा अर्ज मी पाठवला त्या संध्याकाळी साहेब म्हणाले, "घरी बोअर होतं का तुला? योगा क्लास जॉईन कर ना यार."

"मला नोकरी करायची आहे."

"आणि आन्याला शाळेतून पिकअप कोण करणार?" आन्या आमची लेक, चौथीत आहे.

"तिचा बाप."

तो खो खो हसला. त्याला वाटलं, मी जोक मारला.

सप्टेंबरात मात्र याला एकाएकी प्रेमाचा उमाळा आला. मी पोळ्या लाटत होते, तर फोन माझ्या नाकासमोर धरून म्हणाला, "सरप्राइज! तिकिटं काढली. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आपण तिघं दीक्षाभूमीवर! आईलापण सांगून टाकलं."

अमेरिकेत आल्यापासून मी दीक्षाभूमीची गर्दी पाहिली नव्हती. लहानपणी बाबा खांद्यावर बसवून न्यायचे, पुस्तकांच्या स्टॉलवर उतरवायचे आणि म्हणायचे, उचल तुला हवं ते. मला रडूच आलं. पिठाच्या हातानं मी या माणसाला मिठी मारली. माझ्यासारखी बावळट मीच!

रात्री सासूबाईंचा, गिरजाबाईंचा फोन. "जय भीम पोरी! येऊन राहिले नं तुम्ही? लेकराला डोळे भरून पाहीन म्हटलं."

"येऊन राहिलो आई," मी म्हटलं.

बॅगा काढल्या. आईंसाठी स्वेटर घ्यायला सीमाबरोबर दुकानात गेले. सीमा माझी मैत्रीण, आदल्याच वर्षी ती अशीच डिपेंडंटची स्टुडंट झाली होती. नागपूरला जातेय म्हटल्यावर तिनं स्वेटर हातातून खाली ठेवला.

"वेडी आहेस का तू? अर्ज पेंडिंग असताना देशाबाहेर गेलीस की तो बाद होतो. परत येशील ती डिपेंडंट म्हणूनच. तिकडून स्टुडंट व्हिसा काढायचा म्हटलंस तर तारीख मिळेपर्यंत सेमिस्टर हातचं जाईल."

"प्रफुल्लला हे माहीत नसेल गं."

सीमानं माझा दंड धरला. "त्यानंच मला मागच्या महिन्यात फोन करून विचारलं होतं, हर्षिता. ती बाहेर गेली तर अर्जाचं काय होतं, म्हणून. मी त्याला बजावलं होतं, तिला कुठे नेऊ नकोस."

केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच! आणि गळा कापायला नेत कुठे होता, तर दीक्षाभूमीवर. दुसरीकडे कुठेही चल म्हणाला असता तर मी दहा प्रश्न विचारले असते. इथे मी विचारणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

घरी आल्या आल्या विचारलं, "तुला माहीत होतं?"

आधी त्यानं 'काय?' म्हणून पाहिलं. मग सीमाचं नाव ऐकल्यावर उलट माझ्यावरच चढला. "अर्ज काय, पुढच्या वर्षी परत करता येतो. दीक्षाभूमीपेक्षा तुझा फॉर्म मोठा झाला का?"

"माझं शिक्षण बुडवायला तू मला बाबासाहेबांसमोर नेत होतास. जरा तरी लाज?"

"ड्रामा नको करू. आईला काय सांगू आता?"

"खरं सांग."

खरं सांगायला काळीज लागतं. तो एकटाच गेला. आन्याला पाठवायला मी साफ नाही म्हटलं. आईंना मी स्वतः फोन करून येत नसल्याचं सांगितलं, तर त्या "बरं पोरी" एवढंच म्हणाल्या. त्यांच्या आवाजानं मला दोन दिवस जेवण गेलं नाही. त्यांचा काय दोष होता?

आणि आमच्या विभूतीनं नागपुरातून फोटो टाकला. मागे स्तूप, पुढे हा, पांढरा शर्ट, हात जोडलेले. खाली लिहिलं होतं, 'पत्नीच्या शिक्षणासाठी यंदा एकटाच आलो. तिचं स्वप्न हाच माझा धम्म.' लोकांनी सलाम ठोकले, बायांनी डोळे पुसणाऱ्या बाहुल्या टाकल्या. थूत् तुझ्या जिनगानीवर!

नोव्हेंबरात माझा अर्ज मंजूर झाला. मी स्टुडंट झाले, माझ्या स्वतःच्या नावावर. कुणाला लटकलेली नाही.

जानेवारीत मंडळानं सावित्रीबाईंची जयंती केली. अध्यक्ष दिगंबरकाकांनी प्रफुल्लला स्टेजवर बोलावलं आणि बायकोच्या शिक्षणासाठी झटणारा नवरा म्हणून त्याच्या खांद्यावर शाल घातली. यानंही मान झुकवून ती घेतली! मग काका माझ्याकडे वळले. "हर्षिताताई, यांनी तुम्हाला जो आधार दिला त्याबद्दल दोन शब्द बोला."

मी वर गेले. प्रफुल्ल हसऱ्या चेहऱ्यानं पुटपुटला, "शॉर्टमध्ये आटप."

म्हटलं, आटपते.

"माझा अर्ज पेंडिंग असताना यांनी मला न विचारता नागपूरची तिकिटं काढली. मी गेले असते तर अर्ज बाद झाला असता, हे यांना माहीत होतं. यांनी ते आधी विचारून घेतलं होतं, मग तिकिटं काढली. मला हे सीमानं सांगितलं, म्हणून मी आज स्टुडंट आहे. शाल द्यायचीच असेल तर सीमाला द्या."

दिगंबरकाका चष्मा पुसायला लागले. प्रफुल्ल हसून म्हणाला, "अरे, मिसअंडरस्टँडिंग आहे थोडं," पण कुणीच हसलं नाही.

पहिल्या रांगेत आन्या उभी राहिली.

"डॅड, डिड यू नो?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी काहीतरी सांभाळून घेईन म्हणून. मी माइक त्याच्या हातात दिला. तिनं त्याला विचारलं होतं.