खूण नसलेला शिक्का

मित्रांनो, एका पत्राचे उत्तर द्यायचे राहून गेले आणि त्या पत्रावर मी एकोणीस वर्षे बसून होतो. ते मनातून जात नाही, म्हणून आज बोलतो आहे. मी एक जुना लाकडी शिक्का आहे. बोटाएवढा, बोरीच्या लाकडाचा. उमटायचे आणि गप्प पडायचे, एवढेच मला ठाऊक. सांगताना काही मागेपुढे झाले तर सांभाळून घ्या.

माझ्या तोंडावर 'यॉम मानबोक' हे नाव उलटे कोरलेले आहे. आमच्या कोरियात सहीपेक्षा शिक्क्याला मान. मानबोक सतरा वर्षांचा असताना त्याच्या आईने बाजारातल्या एका म्हाताऱ्या कारागिराकडून मला करून घेतले. मानबोकचे हातपाय जन्मापासून आखडलेले. इतरांची पाच वाक्ये होतील तेवढ्या वेळात त्याचा एक शब्द जुळे. दुसऱ्याच दिवशी आई त्याला गावामागच्या टेकडीवर, अपंगांच्या सरकारी निवासगृहात ठेवणार होती.

"आजोबा, वरची बाजू कोणती ते कळायला खूणच नाही केलीत याला," आई म्हणाली.

"मुद्दाम नाही केली, पोरी. खूण असली की माणूस न बघता ठोकत सुटतो. नसली की उलटसुलट करून बघावं लागतं. तेवढ्यात एकदा मनात येतं, हे उमटवू की नको?"

मला वाटते, माझ्या जन्मात मला कोणी दिलेली शिकवण ही एवढीच.

निवासगृहात मी मानबोकच्या खिशात एक दिवसही राहिलो नाही. "इथे हरवेल हो, कचेरीत ठेवते," असे म्हणून कचेरी सांभाळणाऱ्या म्योंग मॅडमनी मला पत्र्याच्या डब्यात टाकले. त्यात आणखी एक्केचाळीस शिक्के होते. म्योंग मॅडम वाईट नव्हत्या. हे मी आवर्जून सांगतो, कारण त्या वाईट असत्या तर मला रागावून मोकळे होता आले असते. थंडीत मानबोकचे हातमोजे त्या स्वतः शिवत. पण बेचाळीस शिक्के आणि त्या एकट्या. एके दिवशी त्यांनी नखांना लावायच्या लाल रंगाचा एकेक ठिपका आम्हा सगळ्यांच्या पाठीवर लावला. कळली वरची बाजू! त्यानंतर मला वळवून पाहायला कोणी थांबले नाही.

कचेरीची खिडकी अंगणात उघडे, म्हणून मला बाहेरचे ऐकू येई. चिलसंग नावाचा एक तरुण चाकाच्या खुर्चीत असे. त्याची खुर्ची धरली की मानबोकचा तोल सावरे आणि खुर्चीही पुढे सरके. दोघे अंगणाला फेऱ्या घालत. मानबोकचे वाक्य शेवटपर्यंत ऐकून घेणारा तो एकटाच.

"दादा, तुमचं वाक्य संपेपर्यंत माझी दाढी वाढते," तो म्हणे. "पण सावकाश होऊ द्या. वस्तरा आहे माझ्याकडे."

आणि मानबोक मान मागे टाकून हसे.

पुढे काही भल्या माणसांनी शहरात घर मिळवून दिले आणि चिलसंग निघून गेला. वर्षभराने त्याचे पत्र आले. त्या दिवशी सगळे निवासगृह हिवाळ्याच्या किमचीसाठी, आमच्या लोणच्यासाठी, अंगणात कोबी मिठात घालत होते. कचेरीत म्योंग मॅडम एकट्याच होत्या. त्यांनी पत्र स्वतःशीच मोठ्याने वाचले. 'मानबोकदादा, माझ्या शेजारची खोली रिकामी झाली आहे. वरच्या फळीवरचं भांडं मला काढता येत नाही, आणि तुम्हाला भात लावता येत नाही. म्हणजे दोघांचं मिळून घर होईल. सोबतच्या अर्जावर शिक्का मारून महिनाअखेरीपर्यंत पाठवा.'

मॅडमनी मानबोकच्या थोरल्या भावाला फोन लावला. "हो ना... बरोबर आहे तुमचं... पडला-झडला तर कोण बघणार... इथे सुखात आहे तो." फोन ठेवून त्यांनी दुसराच कागद काढला. 'मी स्वेच्छेने येथेच राहू इच्छितो.' मग डबा उघडला, लाल ठिपका वर केला आणि मला दाबले.

मी उमटलो. स्वच्छ, सरळ उमटलो.

ज्याची इच्छा होती तो वीस पावलांवर कोबीच्या टोपल्या ढकलत होता. त्याला हाक मारायला कितीसा वेळ लागला असता? पण उत्तर ऐकायला वेळ लागला असता, तो कोणाकडे नव्हता. "उगाच जिवाला हुरहुर," असे पुटपुटत मॅडमनी पत्र डब्याच्या तळाशी घातले आणि आम्हाला वर ठेवले.

पोस्टमन आला की मानबोक खिडकीशी येई. "प...त्र?"

"नाही हो. येईल कधीतरी."

दोन वर्षांनी त्याने विचारणे सोडले.

गेल्या वर्षी हुकूम आला. निवासगृह बंद करायचे, माणसांनी गावात, आपापल्या घरात राहायचे. म्योंग मॅडम केव्हाच निवृत्त झाल्या होत्या. या वसंताच्या सुरुवातीला सोक येजिन नावाची नवी मुलगी कचेरी आवरत होती. तिने डबा उपडा केला आणि तिला पत्र सापडले. मग तिने जुनी फाईल काढली, मानबोकला बोलावले आणि पत्र आणि फाईलमधला तो 'स्वेच्छेचा' कागद, दोन्ही वाचून दाखवले.

मानबोक आता अठ्ठावन्न वर्षांचा आहे. त्याने शब्द जुळवायला घेतले. येजिन थांबली.

"तो... विसरला... नव्हता."

"नाही काका."

मग त्याने दुसऱ्या कागदावर बोट ठेवले. "हे... कोण... म्हणालं?"

कागदावर माझेच तोंड होते.

मानबोकने मला हातात घेतले. एक्केचाळीस वर्षांत पहिल्यांदा. लाल ठिपक्यावर नख घासत म्हणाला, "हे... काढ." येजिनने तो खरवडून काढला.

पुढच्याच आठवड्यात त्याला बाजारामागे दोन खोल्यांचे घर मिळाले. भात अजून पातेल्याच्या तळाला लागतो. सामान लागल्यावर पहिल्या सकाळी त्याने येजिनला कागद घ्यायला लावला. एवढे लिहून व्हायला अर्धी सकाळ गेली: 'चिलसंग, तुझं पत्र आत्ता मिळालं. मी नाही म्हटलं नव्हतं. खोली गेली असेल, तरी भेटायला येतो. वस्तरा ठेव.'

"काका, एकोणीस वर्षं झाली. तो तिथे राहतो का, याची आधी चौकशी करू या ना?"

"आधी... उत्तर."

त्याने मला उलटसुलट करून पाहिले. माझ्या तोंडावर ऊब येईपर्यंत तोंडाची वाफ सोडली, शाई नीट धरावी म्हणून. पुन्हा पाहिले. आखडलेल्या हाताने मला टेकवले. मी तिरका उमटलो, कडेला थोडा फाटलोही. इतके खरे मी कधी उमटलो नव्हतो.

मित्रांनो, मी शिक्का आहे, मला थांबता येत नाही. तुम्हाला येते. दुसऱ्याचे नाव कधी तुमच्या हाती आले, तर आधी त्याला हाक मारा आणि त्याचे वाक्य संपेपर्यंत उभे राहा. मला याहून चांगले सांगता येत नाही.

कोपऱ्यावरच्या लाल टपालपेटीपर्यंत आम्ही चालत गेलो. मी त्याच्या खिशात होतो. येजिनने पाकिटासाठी हात पुढे केला, तो त्याने बाजूला सारला. दोनदा पाकीट फटीच्या कडेला लागून परत आले. तिसऱ्यांदा ते आत पडले.