अंजनाबाईच्या झाडाखाली

धोंडबाच्या तोंडावर इतक्या पट्ट्या होत्या की रुपरावने त्याला ओळखलं ते पायांवरून. नागपूरच्या त्या मोठ्या दवाखान्यात इतके भेगाळलेले, अंगठ्याचं नख उडालेले पाय दुसऱ्या कोणाचे नव्हतेच. अस्वलाने फाडून तीन दिवस झाले होते. डावा डोळा गेला होता आणि उजव्याबद्दल डॉक्टर नुसतं ‘बघू’ म्हणत होते. रुपरावने शहराच्या कडेच्या बेशाहून आणलेला डबा खाटेखाली सरकवला, स्टुलावर टेकला, उठला, खिडकी लावली आणि पुन्हा उघडली.

त्याचा स्वतःचा डावा गालही अस्वलानेच ओढून नेलेला. सहा वर्षांपूर्वी याच दवाखान्यात तो कसाबसा शिवला होता. त्यानंतर रुपरावने आपलं गाव, सालईटोला, सोडलं आणि बायकोला, जयाला, घेऊन तो बेशात एका सोसायटीचा चौकीदार झाला. तिथली लेकरं आधी त्याला पाहून आईच्या मागे लपायची. आता तीच झाडावर अडकलेला पतंग काढायला त्याला बोलावतात. माणूस कशालाही सरावतो.

पट्ट्यांच्या आतून धोंडबा हळूच म्हणाला, "तुह्यासारखंच झालं गा रुपराव. फरक येवढाच, म्या ना काठी नेली, ना कोणाले संगं नेलं. म्हटलं, रुपरावनं तं सारंच केलं होतं, त्याले कुठं वाचवलं?"

यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर रुपरावला सोसला असता. धोंडबा अगदी साधेपणाने, सोबत्याला सांगावं तसं सांगत होता. पुढे धोंडबाने गावचं सांगितलं. नाल्याकाठी पिल्लाची अस्वलीण फिरते आहे, मोहाची फुलं जोरात गळताहेत, आणि रुपरावची लेक काजल रोज सगळ्यांच्या आधी, अंधारातच, एकटी जाते. तिचा नवरा गोविंदा खाप्याकडच्या मँगनीजच्या खाणीत पहिल्या पाळीला असतो. त्याच्या डब्याआधी फुलं वेचून व्हायला पाहिजेत ना.

रुपराव उठलाच. सीताबर्डीला येऊन तो बेशाच्या बसमध्ये चढला, दोन थांबे गेल्यावर उतरला, रस्ता ओलांडून उलट्या बसने परतला आणि गावाकडे जाणारी खाप्याची बस धरली. जयाला फोनवर काय सांगितलं ते त्याचं त्यालाच आठवेना. खाप्यापर्यंत तो खिडकीच्या दांडीला धरून, वाहन आपणच ढकलतो आहोत असा बसला होता.

आता सालईटोल्याला ठाऊक असलेली हकिकत अशी. सहा वर्षांपूर्वी रुपराव चांगलं उजाडल्यावर आपल्या मोहाच्या झाडाकडे निघाला. हातात घुंगराची काठी, दुसऱ्या हाताने टिनाचा डबा बडवत, जुनी माणसं सांगत तसा हाका देत. बाया मागून येत होत्या, पण टेकडीच्या वळणाआड. तरी अस्वल आलं आणि रुपरावने त्याच्याशी झुंज घेतली. काळ आला होता पण वेळ आली नव्हती, म्हणून वाचला. ही हकिकत त्याने दवाखान्यात सांगितली, वनखात्याला सांगितली, लग्नामुंजीत सांगितली. दर वेळी अस्वल थोडं थोडं वाढत गेलं.

खरी गोष्ट वेगळी होती. सालईटोल्यात मोहाची झाडं घराघराची वाटलेली. कोणाचं झाड कोणतं हे शेंबडं पोरही सांगेल, आणि दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल उचलणारा गावात तोंड दाखवायच्या लायकीचा राहत नाही. त्या वर्षी रुपरावची झाडं रुसली होती आणि नाल्यापलीकडचं अंजनाबाईचं झाड अंगठ्याएवढ्या फुलांनी लदबदलं होतं. अंजनाबाई विधवा, एकटी, उजाडल्याशिवाय न निघणारी. रुपराव तांबडं फुटायच्याही आधी, बॅटरी विझवून, चपला काढून, तिच्या झाडाखाली शिरला. खोकलासुद्धा नाही. चोर कधी टिन बडवत जातो का? खोडाच्या पलीकडे अस्वलही मान खाली घालून तेच करत होतं. त्याची नजर अधू आणि कान खाण्यात गुंतलेले. एका झाडाखाली दोन चोर, एकमेकांकडे पाठ करून सरकत सरकत येऊन भिडले. अस्वल दचकलं. दचकलेलं अस्वल जे करतं ते त्याने केलं.

उजाडल्यावर बाया आल्या तेव्हा अंजनाबाई पुढे होती, म्हणून तिलाच तो आधी सापडला. तिने लुगड्याचा पदर फाडून त्याचं तोंड बांधलं, काखेत हात घालून त्याला नाल्याच्या अलीकडे ओढत आणलं आणि बायांना हाक मारली ती मग. रुपराव त्याच्या स्वतःच्याच झाडापाशी पडला होता, असंच तिने साऱ्यांना सांगितलं. त्यावर ती पुन्हा कधी एक अक्षर बोलली नाही. भेटली की ‘जेवला का गा’ एवढंच विचारी, आणि तेवढ्यानेही रुपरावची मान खाली जाई.

चोरी लपली, अब्रू राहिली. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं रुपराव मनाला समजावत आला. त्या मुठीतून दुसरं काय गळत होतं, ते मात्र त्याला आज दवाखान्यात कळलं. त्याच्या खोट्याने गाव शिकलं होतं की काठीचा, टिनाचा, सोबतीचा उपयोग नसतो. घुंगराच्या काठ्या आढ्याला गेल्या. हाका देत जाणाऱ्या म्हाताऱ्यांना पोरं हसू लागली.

तो गावात पोचला तेव्हा शाळेपुढे बैठक चालू होती. वनरक्षक चिन्मयी, पंचविशीची पोरगी, गणवेशात उभी राहून जीव तोडून सांगत होती. अस्वल माणूस खायला येत नाही, दचकलं म्हणजे मारतं. त्याला दुरूनच कळू द्या की तुम्ही येत आहात. उजाडल्याशिवाय जाऊ नका, चौघं-पाचजणं मिळून जा, मोठ्याने बोलत राहा, पिल्लू दिसलं तर पाठ न दाखवता हळूहळू मागे सरका. लोक ऐकत होते, पण कसे, तर पाहुण्याचा मान ठेवावा म्हणून. मागून कोणीतरी म्हणालंच, आमच्या रुपरावभाऊनं हे सारं केलं होतं म्याडम, विचारा त्यांना, आलेच पाहा ते.

साऱ्या माना वळल्या. चिन्मयी आशेने म्हणाली, काका, तुम्हीच सांगा. रुपराव खरं सांगायलाच धावत आला होता. समोर काजल बसली होती, बापाकडे अभिमानाने पाहत. भिंतीपाशी अंजनाबाई होती. ती मात्र जमिनीकडे पाहत होती. रुपरावने तोंड उघडलं आणि सहा वर्षांची सवय आपोआप बाहेर पडली. काठी होती, टिन होता, ऊन पडलं होतं. नशिबापुढं कोणाचं चालते का, असंसुद्धा तो वर म्हणाला. चिन्मयीने वही मिटली. लोक पांगले. रुपरावला वाटलं, आपली जीभ उपटून त्या शाळेच्या पायरीवर ठेवावी.

रात्री काजलच्या घरी त्याने तिला परोपरीने विनवलं की उद्या बायांबरोबर जा. तिने हसून त्याच्या ताटात आणखी एक भाकर टाकली. गोविंदाही रोज हेच म्हणतो, ती म्हणाली, आणि मी दोघांनाही एकच सांगते, जे व्हायचं ते होतंच. पोरगी त्याचंच खोटं त्याला वाढत होती.

पहाटे डोळा लागला तो तेवढाच. जाग आली तेव्हा काजलचं अंथरूण घडी करून ठेवलं होतं आणि दाराआडची टोपली नव्हती.

सहा वर्षांत रुपरावने जंगलात पाऊल टाकलं नव्हतं. चुलीपाशी तेलाचा रिकामा डबा होता तो उचलला, लाकूड घेतलं आणि बडवत सुटला. गावाबाहेर झाडी लागली. गाल, जो कधीचा मेला होता, तो ठणकायला लागला. काजलच्या नावाने हाका मारल्या, उत्तर नाही. बोलत राहा, म्हणाली होती ती वनरक्षक पोरगी. काय बोलणार? त्याने सोसायटीतल्या गाड्यांचे नंबर म्हणायला सुरुवात केली. ए विंगचे झाले, बी विंगचे झाले. चौथ्या मजल्यावरच्या बाईंच्या कुत्र्याचं नाव सांगून झालं. नाल्याचा उतार आला, पुढे झाडी दाट होती, आणि रुपरावजवळचे सगळे शब्द संपले. गप्प राहायची तर हिंमत नव्हती. मग तोंडातून तेच निघालं जे इतकी वर्षं आत कोंडून होतं.

"मी रुपराव बोलून राहिलो," तो ओरडला. "म्या आपल्या झाडाखाली नोतो. म्या अंजनाबाईच्या झाडाखाली होतो. फुलं चोराले गेलो होतो. काठी नोती, टिन नोता, बॅटरी म्याच विझवली होती. चपला बी काढल्या होत्या. अस्वलानं काई नाई केलं, ते आपलं खाऊन राहिलं होतं. म्याच मुकाट्यानं जाऊन त्याले भिडलो."

एकदा बांध फुटल्यावर तो थांबेना. टिन बडवावा आणि सांगावं, पुन्हा बडवावा आणि पुन्हा सांगावं. आता फटफटलं होतं. नाल्यापलीकडून येणारं बायांचं बोलणं बंद पडलं होतं. त्या ऐकत होत्या हे त्याला कळत होतं, आणि लाजेने कान तापले तरी तो जास्तच मोठ्याने बोलत होता, कारण काजल अजून दिसत नव्हती.

मग दिसली. आपल्याच घरच्या झाडाखाली, वाकलेली, हात टोपलीत तसाच थांबलेला. तिच्या पुढे वीस पावलांवर करवंदाची जाळी हलली. आतून काळं धूड बाहेर आलं, पाठीवर पिल्लू चिकटलेलं. अस्वलिणीने मान वर करून टिनाच्या दिशेने हुंगलं, नाकातून फुस्स केलं आणि टेकडीकडे निघाली. पळाली नाही की अंगावर आली नाही. नको त्या शेजाऱ्याची चाहूल लागल्यावर बाई अंगणातून घरात जाते, तशी सरळ निघून गेली. काजलला ती जाळीत असल्याचा पत्ताच नव्हता.

रुपरावने डबा खाली ठेवला. काजलने टोपली उचलली.

"पोरी, मी घरी जातो," रुपराव कसाबसा म्हणाला. नाल्यापलीकडच्या बायांपुढे जाण्यापेक्षा त्याला अस्वल परवडलं असतं.

"एकटं कोणी जाणार नाई," काजल म्हणाली. "चला तिकडं."

ती पुढे आणि तो मागे, दोघं नाला उतरून अंजनाबाईच्या झाडाखाली आले. पाच-सहा बाया होत्या. एकीनेही त्याच्याकडे वर पाहिलं नाही. अंजनाबाईने बसल्या जागेवरून थोडं सरकून जागा केली आणि आपली टोपली त्याच्यापुढे ढकलली.

"वेच," ती म्हणाली. "उजाडलं आता."

तो वेचू लागला. जंगलात गप्प बसायचं नाही म्हणून एका बाईने मोठ्याने खाप्याच्या कुठल्याशा लग्नातल्या जेवणाची गोष्ट काढली, दुसरीने त्यात मीठमिरची घातली. हळूहळू साऱ्या बोलायला लागल्या. काजलची टोपली भरत आली तेव्हा ती खाली पाहतच बोलली.

"सहा वर्षं मी रोज एकटी आली, बाबा. गोविंदा रागवे, ह्या काकू नाल्याच्या पल्याडून हाका मारत. मी म्हणो, माह्या बापानं सारं केलं तरी त्याले झालं, मंग भेऊन काय करू. लोक हसत की रुपराव गोष्टी फुगवून सांगते. मी त्याईच्याशी भांडो. म्हणो, माहा बाप खोटं नाई बोलत."

रुपरावने मान वर केली. काजलने पदराने डोळे पुसले, टोपली उचलली आणि ती पलीकडे बायांच्या मधोमध जाऊन बसली.