दुसरं भोक

डॉक्टरांनी चारपर्यंतची मुदत दिली होती. बाबा शिडीवरून पडले होते, डोक्यात रक्त साचलं होतं. कवटीला भोक पाडून ते काढलं तर ठीक, नाहीतर आजची रात्र काही खरी नाही. सही आईची हवी होती. आणि आई दवाखान्यातून चक्क पळून गेली होती!

कुठे गेली असणार, ते विचारायलाच नको. उत्खननात सापडलेली हाडं धुणं हे तिचं काम. संग्रहालयाच्या तळघरात ती स्टुलावर बसून टूथब्रशने कुणाचा तरी जबडा घासत होती.

"आई, तीन वाजून गेले. चल!"

"एवढा संपवते."

"तो पाच हजार वर्षं थांबलाय, अजून थांबेल. बाबा नाही थांबणार!"

मागच्याच आठवड्यात मी वक्तृत्वात पहिली आले होते. अख्खं सभागृह गप्प केलं होतं, तिथे एकटी आई म्हणजे काय! पण ती मान वर न करता म्हणाली, "त्या काळी इलाज म्हणून भोक पाडलेल्या अकरा कवट्या धुतल्यात मी. सातांची कड धारदार. हाड भरून यायलासुद्धा वेळ मिळाला नाही गं त्यांना. आणि मी सही करू?"

"चौघं जगलेच ना?"

"चौघंच."

मी तिरीमिरीत फडताळातला एक खोका ओढला. कवटीला वरच रुपयाएवढं भोक, कड अगदी गुळगुळीत. "हे बघ! हा जगला!"

"मागे बोट लाव."

मागे दुसरं भोक होतं. कड बोटाला टोचली.

"सातांतला आहे तो," आई म्हणाली.

एवढ्या खोक्यांतून मी नेमका हाच उचलला! मी तिथेच फरशीवर बसून भोकाड पसरलं. कसलं वक्तृत्व नि कसलं काय.

आईने कवटी माझ्या हातातून घेतली. सवयीने डोळे मिटून तिने आधी मागची कड चाचपली, मग वरची. बोट वरच्या कडेवरच फिरत राहिलं.

"पाच-सहा वर्षं तरी," ती पुटपुटली. "एवढं हाड भरायला तेवढी लागतात."

"काय?"

"मधे पाच-सहा वर्षं जगलाय हा. आणि मी मेली त्याला मेलेल्यांत मोजून मोकळी झाले." तिने कवटी अलगद खोक्यात ठेवली. "आणि परत आला गं हा. पहिल्या वेळी काय झालं ते ठाऊक असून. कुणीतरी हाताला धरून आणलं असणार."

नळ तसाच सोडून ती उठली.

चाराला पाच मिनिटं कमी असताना तिने सही केली. हात ओलेच होते, शाई फुटली. नर्स म्हणाली, "चालेल." बाबांना आत नेलं, दार लागलं.

आता आम्ही बाकावर आहोत. टूथब्रश अजून आईच्या मुठीत आहे. मघापासून ती मला एकच विचारतेय, "दार वाजलं का गं?"

नाही वाजलं.