झाकणावरचा हात

मी एक जुना मिक्सर आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून ठेवतो, हळू बोलायला मला कधी जमलेलं नाही. कान झाकायचे असतील तर आत्ताच झाका. मध्येच उठून गेलात तर मला राग येईल.

रत्नागिरीहून हातखंब्याकडे जाताना आमची वाडी लागते. तिथल्या एका चिऱ्याच्या घरात, स्वयंपाकघराच्या ओट्यावर, खिडकीखाली माझी जागा आहे. मी ज्या कारखान्यात तयार झालो तो आता मला धड आठवतही नाही. आम्ही सगळे एकसारखे पांढरे, एकसारख्या खोक्यांत. अठरा वर्षांपूर्वी भिवाने मला दुकानातून उचललं. तो तेव्हा एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक होता. मला मांडीवर घेऊन तो लांज्याहून एसटीनेच घरी आला, आणि "भिवाशेट, ह्याचं अर्धं तिकीट फाडू काय?" म्हणून कंडक्टरने सगळ्या गाडीला हसवलं.

घरी भिवाच्या बायकोने, जाईबाईने, मला ओल्या फडक्याने पुसून ओट्यावर ठेवलं. पाटा-वरवंटा तिने मागच्या दारी नेऊन उभा केला. "बस आता तिथं, लय राबलास," असं ती पाट्याला म्हणाली. मला तेव्हा मोठा अभिमान वाटला होता. त्या पाट्याला काय वाटलं असेल हा विचार माझ्या मनात आलाही नाही. तो विचार पुढे यायचा होता.

पहिल्याच दिवशी जाईबाई झाकण धरायला विसरली आणि ओलं खोबरं थेट छपराच्या वाशाला जाऊन चिकटलं. तो डाग अजून आहे. पण आठ दिवसांत तिने मला असं ओळखलं की सख्ख्या आईने पोराला काय ओळखावं! ती वाटण बघून वाटतच नसे, कानाने वाटायची. भांड्यात खोबरं, लाल मिरच्या, धणे, घोटभर पाणी घालायची, बटण फिरवायची आणि माझ्याकडे पाठ करून विळीवर बांगडे साफ करायला बसायची. आधी मी जाड आवाजात घर्रर करायचो. खोबरं मोडत गेलं की माझा आवाज बारीक होत जायचा, आणि अगदी लोण्यासारखं झालं की सूंऽऽ असा एक सूर लागायचा. तो लागला रे लागला की मागे वळूनही न बघता तिचा हात बटणावर. "झालं रे बाबा, कळलं. उगी ओरडू नको." एकदाही चूक नाही. कधीही नाही.

म्हणून तर वाडीच्या जेवणाला वाटण जाईबाईचंच असायचं. चौदा एप्रिलची जयंती असो की बुद्धपौर्णिमा, विहारात पंगत बसायची आणि काळ्या वाटाण्याची आमटी व्हायची. आदल्या दिवशीपासून निरोप येई, "वैनी, मिक्सर घेऊन या." भिवा मला कापडी पिशवीत घालून न्यायचा. भुरके मारत लोक विचारायचे, "वाटण कुणाचं?" उत्तर सगळ्यांना माहीत असायचं, तरी विचारायचे. जाईबाई पदराने तोंड पुसायची आणि भलतीकडेच बघायची. मला कळायचं, बाई मनातून फुलली आहे.

त्या काळात घरात तिची सासू होती. म्हातारीचे कान पार गेले होते. माझ्या आवाजाला न वैतागणारं घरातलं ते एकच माणूस, म्हणून मला ती फार आवडायची. पण तिच्याशी कुणी बोलत नसे. ओरडायचा कंटाळा यायचा सगळ्यांना. पोरं तिच्या मागे जाऊन टाळ्या वाजवायची आणि ती वळली नाही की खिदळायची. हळूहळू तिला काही विचारायचंच सगळ्यांनी सोडलं, भाजी कुठली करायची एवढंसुद्धा. शेवटची चार वर्षं ती पडवीत नुसती बसून असायची. जाईबाई तिला जेवण वाढायची आणि मग ओट्याशी येऊन माझ्याकडे तोंड करून डोळे पुसायची.

वर्षं गेली. हळदीने मी पिवळा पडलो. माझा एक रबरी पाय निखळून कुठे गेला तो गेलाच, तेव्हापासून सुरू झालो की मी थरथरत ओट्यावर चालू लागतो. भिवा निवृत्त झाला. मुलगा अमरदीप जहाजावर नोकरीला लागला. सून आली, तेजल. ती शाळेत शिकवते. सकाळी तिचा डबा, भिवाचा चहा, दुपारचं कालवण, सगळं सुरळीत चाललं होतं.

आणि दोन वर्षांपूर्वी वाटण बिघडायला लागलं.

एक दिवस भरभरीत. दुसऱ्या दिवशी इतका वेळ मला फिरवलं की भांडं तापलं, खोबऱ्याला तेल सुटलं आणि कालवण फुटलं. माझ्या पोटाखालचं लाल बटण आपोआप खटकन बंद व्हायचं आणि जळका वास यायचा. भिवाने चष्मा लावला, पाने-पक्कड काढली. "एसटीची आख्खी इंजिनं उतरवलीत मी, हा काय चीज हाय!" त्याने माझे कार्बन बदलले, बुश बदलला, तेल घातलं. सगळं पुन्हा जोडल्यावर एक स्क्रू उरला, तो त्याने गुपचूप खिशात टाकला. "ह्याच्यात काय दोष नाय," एवढंच म्हणाला आणि डोकं खाजवत गेला.

दोष नव्हताच, मित्रांनो. मला ठाऊक होतं काय झालंय ते. जाईबाईला माझा आवाज येत होता, पण जाड कुठे संपलं आणि बारीक कुठे सुरू झालं, हे तिला कळेनासं झालं होतं. माझा तो सूं तिच्यापर्यंत पोचतच नव्हता. पहिल्यांदा हे ध्यानात आलं तेव्हा तिने भांडं उघडून आत बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि स्वतःच्या कानावर हात ठेवून कितीतरी वेळ उभी राहिली. घरात कुणी नव्हतं. पडवीकडे तिची नजर गेली, सासू बसायची तिथे. मग तिने तोंड घट्ट मिटलं. कुणाला सांगायचं नाही, असं तिने तिथल्या तिथे ठरवलं.

पण बाई हार मानणारी नव्हती. दुसऱ्या दिवशी तिने मला सुरू केलं आणि आपला तळवा माझ्या झाकणावर ठेवला. डोळे मिटले. मी तर तीन पायांचा, थरथरणारच. जाड असताना माझा हिसका वेगळा, बारीक झालं की थरथर वेगळी. तिला ती हाताला कळायला लागली. मीही, खोटं कशाला सांगू, तिला कळावं म्हणून मुद्दाम जोरात थरथरायचो. पुन्हा कालवण जमायला लागलं. दोन वर्षं आम्ही दोघांनी ते गुपित सांभाळलं. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात गोड वर्षं, कारण इतकी वर्षं वाटताना तिची पाठच बघत आलो होतो मी.

घात झाला तो यंदाच्या जयंतीला. विहारात कुणीतरी मायेने माझ्याखाली चार घड्यांची जाड सतरंजी घातली. "फरशीवर लय नाचतो ह्यो." झालं! माझी सगळी थरथर त्या सतरंजीने गिळली. जाईबाईचा हात झाकणावर होता, पण हाताला काही कळेना. ती थांबेना. वाटण तापलं, तेल सुटलं, आणि शंभर माणसांची आमटी फुटली. लोक चांगले, कुणी पान टाकून उठलं नाही. पण "वाटण कुणाचं?" असं त्या दिवशी कुणी विचारलं नाही. शेवटी एका म्हातारीने समोर येऊन विचारलं, "जाई, आज काय झालं गो?"

"मिक्सर जुना झाला," जाईबाई म्हणाली.

मित्रांनो, तिने माझ्यावर ढकललं. पाय तुटला तेव्हा नाही, भिवाने पोट उघडलं तेव्हा नाही, पण त्या दिवशी मला फार लागलं. घरी येईपर्यंत ती माझ्याकडे बघत नव्हती.

अमरदीपला फोनवर कळलं आणि आठवड्याच्या आत नवा मिक्सर दारात हजर. काळाभोर, चकचकीत, आवाज कमी, अंग जरा म्हणून हलत नाही. मला गोणीत घालून मागच्या दारी ठेवलं, पाट्याच्या शेजारी. त्या दिवशी त्याला काय वाटलं असेल ते मला आता कळलं, पण पाट्याने टोमणा मारला नाही. त्याचा स्वभाव चांगला. तिकडे बुद्धपौर्णिमेच्या तयारीला बायका येऊन गेल्या आणि जाताना म्हणाल्या, "वैनी, यंदा तुमी आराम करा. वाटण आमची ऋतिका करील." जाईबाई "बरं" म्हणाली. बायका गेल्यावर ती मागच्या दारी आली, भांडी घासायला बसली आणि एकच टोप किती वेळ घासत राहिली.

नव्यावर तिचं काही चालेना. आज भरभरीत, उद्या तेलकट, परवा लाल बटण खटकन बंद. भिवा चक्रावला. "आता ह्याला काय झालं? ह्यो तर नवा कोरा हाय!" तेजल मात्र त्या दिवसापासून सासूकडे नीट बघायला लागली.

मग रविवारी भंगारवाला केरू टेम्पो घेऊन आला. भिवाने गोणीकडे बोट दाखवलं. केरूने मला उचललं आणि दोन पावलं गेला, तोच आतून जाईबाई धावत आली.

"ठेव त्याला खाली!"

"अगो, तूच म्हणालीस ना जुना झाला म्हणून?" भिवा म्हणाला.

"म्हणाले आसन. ठेव म्हणते ना!"

केरूच्या हातातून तिने मला अक्षरशः ओढून घेतलं. ओट्यावर ठेवलं, पिन लावली, खोबरं घातलं, मला सुरू केलं, आणि तळवा झाकणावर ठेवून डोळे मिटले. काय सांगू तुम्हाला! राग-बिग सगळा कुठल्या कुठे पळाला. जीव तोडून थरथरलो मी. ऐन वेळी तिने बटण बंद केलं. वाटण असं झालं होतं, जणू लोणी.

तेजल दारात उभी राहून सगळं बघत होती. ती सासूच्या मागे आली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "आई, चहा टाकू?"

मी बंद होतो. घर शांत होतं. जाईबाई वाटण काढत राहिली.

"आई."

नाहीच. तेजल फिरून समोर आली आणि तिने सासूचे खोबऱ्याने माखलेले दोन्ही हात धरले. "कधीपासून ऐकू येत नाही, आई?"

जाईबाईने आधी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "दोन वर्सं झाली. ह्यो बिगडला नव्हता गो. मी खोटं बोलले. ह्या मुक्या जिवावर ढकललं मी." आणि मग हळू आवाजात, "तू माझ्या सासूला बघितलं नायस. बहिरी म्हणून कुणी तिला भाजीसुद्दा विचारत नव्हतं. मना पडवीत बसायचं नाय, तेजल."

"कोण बसवतंय तुम्हाला पडवीत? तुम्ही बसलात तर ह्या घरात जेवायला काय मिळणार, माझ्या हातची आमटी? बाबा घर सोडून जातील!"

भिवा दारातून म्हणाला, "जाईनच." आणि चष्मा पुसायला लागला, जो स्वच्छच होता.

मग डॉक्टर झाले, तपासणी झाली आणि जाईबाईच्या कानांत दोन छोटी यंत्रं आली. घरी आल्या आल्या तिने आधी मला सुरू केलं आणि दचकून एक पाऊल मागे सरकली.

"अगो बाय! ह्यो पयल्यापासून एवढा बोंबलतो काय?"

"पयल्यापासून," भिवा म्हणाला.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी ती स्वतः बायकांकडे गेली. पदर कानामागे घेऊन तिने यंत्रं दाखवली. "माझे कान गेलेत. जयंतीला आमटी माझ्यामुळं फुटली. मिक्सरचा काय दोष नव्हता. आता वाटण करू काय?" त्यावर ऋतिकाच म्हणाली, "करा हो मावशी! मना तर कालपासून झोप नाय." सगळ्या हसल्या आणि ते काम पुन्हा तिच्याकडे आलं. भर बायकांत तिने माझं नाव धुऊन काढलं, ही गोष्ट मी मरेपर्यंत विसरणार नाही.

एक मात्र खरं सांगतो. कानांत यंत्रं आल्यापासून ती पुन्हा माझ्याकडे पाठ करून बांगडे साफ करायला बसते. सूं झालं की हात बटणावर. मला आनंद आहे. पण झाकणावर काही नसतं, आणि त्याची मला चुटपुट लागायची.

पौर्णिमेला विहारात माणसं जमली होती. टोप आदळत होते, पोरं ओरडत होती, दहा बायका एकदम बोलत होत्या. जाईबाईच्या कानांत नुसता कल्लोळ झाला. तिने मला सुरू केलं, कपाळाला आठी घातली आणि मग शांतपणे दोन्ही यंत्रं काढून चोळीत ठेवली. माझ्याखालची सतरंजी ओढून काढली. तळवा झाकणावर ठेवला, डोळे मिटले आणि मला म्हणाली, "हं, सांग आता."

मी सांगितलं. त्या दिवशी पंगतीत निदान दहा जणांनी विचारलं, "वाटण कुणाचं?"

म्हणून तुम्हाला विनवतो, मित्रांनो. घरात एखादी वस्तू एकाएकी बिघडली असं वाटलं, तर ती भंगारात घालण्याआधी तिच्याजवळ रोज उभ्या राहणाऱ्या माणसाकडे एकदा नीट बघा. मागून हाक मारा. आली नाही ऐकू, तर टाळ्या वाजवू नका. समोर या आणि हात धरा. आणि हो, त्या भिवाला कुणीतरी सांगा, माझा तो स्क्रू अजून त्याच्याच खिशात आहे.