सत्त्याण्णव अंशांवर उकळलेले पाणी

एका शिक्षकाने स्वतःची चूक जगासमोर मांडली आणि तिचे जे मोल पडले ते मुकाट्याने दिले, तो वृत्तांत मी या ठिकाणी यथामती निवेदन करणार आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. लेखनात न्यून आढळल्यास वाचकांनी सांभाळून घ्यावे.

"ते पान आत्ताच्या आत्ता पुसून टाक!" माझ्या दुकानाच्या पायरीवरूनच अप्पासाहेब गरजले.

सन एकोणीसशे नव्व्याण्णवचा तो उन्हाळा होता. बेंगळुरूच्या चिकपेटेतील माझ्या टेलिफोन बूथमध्ये मी नुकतीच इंटरनेटची सोय केली होती. अप्पासाहेब हे आमच्याच गल्लीपलीकडील शाळेचे चिटणीस.

"कुठलं पान, अप्पासाहेब?"

"हयवदन मास्तरांचं! तुझ्याच मशीनवर बसून लिहितात ना?"

"ते माझ्या मशीनमध्ये नसतं हो. ते अमेरिकेत असतं."

"मग आयएसडी लाव अमेरिकेला! सांग त्यांना, पुसा म्हणून!"

तेवढ्यात फळीच्या आडोशामागून हसू ऐकू आले आणि त्याच शाळेत विज्ञान शिकविणारे हयवदन सर स्वतः चष्मा पुसत बाहेर आले. दर शनिवारी शाळा सुटल्यावर ते माझ्याकडे येत आणि आठवड्यात कोणता तास फसला व का फसला, हे इंग्रजीतून लिहीत. अशा लेखनास तिकडे वेबलॉग म्हणू लागले आहेत, असे त्यांनीच मला सांगितले होते. आज सर्वजण त्यास ब्लॉग म्हणतात.

त्या आठवड्यातील मजकूर असा होता. पुस्तकात लिहिले आहे की पाणी शंभर अंशांवर उकळते. सरांच्या वर्गात मात्र पारा दरवर्षी सत्त्याण्णवच्या आसपास अडे. "थर्मामीटर बिघडलाय, शंभर लिहा," असे सर सांगत आणि मुले शंभर लिहीत. यंदा शाळेने नवे कोरे थर्मामीटर आणले. तेही तेथेच अडले. तेव्हा सरांनी शोध घेतला आणि त्यांस उमगले की बेंगळुरू उंचावर वसले असल्याने येथे पाणी आधीच उकळते. थर्मामीटर निर्दोष होते. इतकी वर्षे आपण मुलांना डोळ्यांदेखत दिसणारे खोडावयास लावले, असे त्यांनी स्वतःचे व शाळेचे नाव घालून लिहिले. संगणक कंपनीतील एका पालकाने तो मजकूर छापून अप्पासाहेबांच्या हाती दिला होता.

"अहो मास्तर, चूक झाली तर वर्गात सुधारा. गावभर दवंडी कशाला? स्वल्प, थोडा तरी शाळेच्या नावाचा विचार करा!"

"अप्पासाहेब, डॉक्टर लोक एकत्र जमले की हातून बिघडलेल्या केसविषयी बोलतात. आम्ही स्टाफरूममध्ये चटणीत मीठ कमी आहे, यावर बोलतो. कालचा तास मुलांना का समजला नाही, हे मी कुणाला सांगू?"

"बायकोला सांगा!"

"तिनं पुष्कळ वर्षं ऐकलं. आता तीच म्हणते, त्या कॉम्प्युटरला सांगा."

मला हसू आवरेना. परंतु अप्पासाहेब हसले नाहीत. त्यांनी आवाज खाली आणला.

"जूनपासून तुम्हाला हेडमास्तर करायचं कमिटीत ठरलंय. मीच तुमचं नाव घातलं. पण ते पान राहिलं तर खुर्ची नाही. पुसा, आणि विषय संपवा. सरी? ठीक आहे ना?"

सरांची हयात त्या शाळेत गेली होती. ती खुर्ची त्यांना हवी होती, हे मी जाणत होतो. प्रयोगशाळा कशी बांधावी, याची चित्रे त्यांनी माझ्या गल्ल्यावरील कागदांवर कितीदा काढून दाखविली होती.

"पाचगणीच्या एका शिक्षिकेनं मला उत्तर पाठवलंय," ते म्हणाले. "त्यांच्याकडे पारा शहाण्णवच्याही पुढे जात नाही. त्यांनी चांगले थर्मामीटर कचऱ्यात टाकले होते. मी पान पुसलं तर त्या बाईंना काय कळवू? आमच्याकडे पाणी पुन्हा शंभरावर उकळायला लागलं म्हणून?"

"म्हणजे नाही पुसणार?"

"नाही, अप्पासाहेब."

अप्पासाहेब पायरी उतरून गेले. सरांनी माझ्याकडे पाणी मागितले. पेला रिकामा करून ते पुन्हा मशीनसमोर जाऊन बसले.

जूनमध्ये शाळा उघडली. त्यांच्याहून पुष्कळ कनिष्ठ असलेल्या भार्गवीबाई मुख्याध्यापिका झाल्या. सर्व शिक्षकांच्या वतीने त्यांस पुष्पगुच्छ सरांनीच दिला, असे माझ्या कानी आले.

त्या शनिवारी सर नेहमीप्रमाणे आले. टंकलेखन संपवून ते उठले, तेव्हा मी धीर करून विचारले, "सर, आज काय लिहिलंत?"

"येसाजी अण्णा, सोमवारी नववीला चुंबक शिकवला. तास साफ फसला."

"मुलांचं लक्ष नव्हतं?"

"मुलांचं होतं. माझं नव्हतं. सारखं हेडमास्तरांच्या खोलीच्या दाराकडे जात होतं. तेवढंच लिहिलंय."

इतके बोलून त्यांनी पायांत चपला सरकविल्या आणि ते गर्दीत मिसळले.

येथवर ज्यांनी चित्त देऊन वाचले, त्या सर्वांचा मी, चिकपेटेतील बूथवाला येसाजी, मनःपूर्वक ऋणी आहे.